यंत्रातल्या माणसाला स्वभाव द्यावा कसा?



गेल्या खेपेस आपण वाळवणाचे डबे पावसाळ्यात कसे टिकवावेत ते पाहिले. आजचा विषय थोडा निराळा आहे. मोबाईलवर एआयशी गप्पा मारण्यासाठी एखादे पात्र कसे लिहावे, ते आज सांगणार आहे. "हा काय बाई नसता उद्योग!" असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल. म्हणा खुशाल. महिन्यापूर्वी मीही असंच म्हटलं होतं.

झालं असं, की मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. बाराच्या सुमारास घरी येते. येत्या जूनपासून अकरा ते साडेपाच, पूर्णवेळ याल का, असं बाईंनी विचारलं. मन हरखलं खरं, पण लगेच पोटात गोळाही आला. सासूबाईंना कसं सांगायचं? ह्यांना विचारलं तर "तूच बोल आईशी" म्हणून त्यांनी पेपरात डोकं घातलं. आता, सासूबाईंचं नि माझं वाकडं मुळीच नाही. पण अकरा वर्षं झाली तरी काही महत्त्वाचं बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

माझ्या नणंदेची मुलगी कॉलेजात आहे. सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "मामी, आधी रंगीत तालीम कर ना!" तिनं मला तिचा मोबाईल दाखवला. आपण एक पात्र लिहून द्यायचं, की यंत्र ते पात्र होऊन आपल्याशी बोलतं. कुणी गुप्तहेर करतं, कुणी जुन्या काळचा राजा. तिच्या मैत्रिणी मुलाखत घेणारे खडूस साहेब लिहून नोकरीची तयारी करतात म्हणे.

मी उत्साहानं लिहिलं: "तू माझी सासू आहेस. वय सत्तर. कडक, जुन्या वळणाची, पण मनानं प्रेमळ." आणि काय सांगू! दूरदर्शनवरच्या मालिकेतली सासूच अवतरली. वाक्यागणिक "आमच्या वेळी असं नव्हतं" आणि "या घराची इभ्रत". मी दोन वाक्यं नरमाईनं बोलले, तर तीच बाई विरघळून म्हणते, "सूनबाई, तुझ्या स्वप्नांना माझा आशीर्वाद आहे." आमच्या सासूबाईंनी उभ्या जन्मात असं वाक्य उच्चारलेलं नाही!

मी हसले, तर भाची म्हणाली, "मामी, वर्गात मुलांना व्यक्तिचित्र लिहायला तूच शिकवतेस ना?" टोमणा वर्मी लागला. मग वही घेतली आणि शिकायला बसले. जे शिकले ते तुमच्यापुढे ठेवते.

यंत्र बोलतं कसं?

एवढं एकच कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. या यंत्रानं अफाट मजकूर वाचलेला असतो, आणि समोर जे लिहिलं आहे त्यापुढे कोणते शब्द शोभतील, ते ते एकेक करून जुळवत जातं. तुम्ही चार ढोबळ शब्द दिलेत, तर ते ढोबळ, सगळीकडे सापडणारं माणूस उभं करतं. नेमकं दिलंत, तर नेमकं. शिवाय समोरच्याला रुचेल असं बोलण्याकडे त्याचा ओढा असतो, म्हणून पात्र लवकर पाघळतं. या दोन खोडी ओळखून पुढच्या गोष्टी करायच्या.

१. विशेषणे नकोत, सवयी लिहा. "काटकसरी" असे लिहू नये. "दुधाची पिशवी कापल्यावर आतून पाणी फिरवून तेही भांड्यात ओतते" असे लिहावे. "प्रेमळ" ऐवजी "मुलांना रागावते, मग खडीसाखर देते". एक सवय दहा विशेषणांचे काम करते. अशा चार-पाच पुरेत. वीस सवयी दिल्या, तर यंत्र साऱ्याच एका उत्तरात कोंबू पाहते.

२. संवादाचे नमुने द्या. ही सगळ्यात गुणाची युक्ती. तान्ही मुलं जशी ऐकून बोलायला शिकतात, तसं यंत्र नमुन्यावरून बोलण्याची ढब उचलतं. ढब कशी आहे याचे वर्णन करण्यापेक्षा तीन-चार खरेखुरे प्रश्नोत्तरांचे तुकडे लिहावेत. आपल्या मराठीसाठी तर हे फारच जरुरीचं. नाहीतर यंत्राची मराठी पुस्तकी येते, इंग्रजीवरून भाषांतर केल्यासारखी. कोण कुणाला "अगं" म्हणतं, कोण "अहो" आणि कोण नुसतं "ऐकलंत का", हे नमुन्यात दिसू द्या. कोल्हापूरकडची मावशी हवी असेल, तर नमुनेही तिकडच्याच बोलीत हवेत.

३. हवं काय आणि भीती कशाची, ते लिहा. प्रत्येक माणसाला काहीतरी हवं असतं, कशाची तरी धास्ती असते, आणि ती बहुधा तो बोलून दाखवत नाही. "मनात हे आहे, तोंडाने ते बोलते" अशा दोन ओळी लिहिल्या, की पात्राला खोली येते. याविषयी पुढे सांगते, कारण माझी गाडी इथेच अडली.

४. ते सहज मानू नये, हे सांगा. "लगेच होकार देत नाही. आधी विषय बदलते. पटले तरी तसे म्हणत नाही, नुसते कामाला लागते." असे लिहिले, की पाघळणे पुष्कळ कमी होते.

५. 'नको' पेक्षा 'असे कर' सांगा. "मोठी भाषणे देऊ नकोस" यापेक्षा "दोन-तीन छोट्या वाक्यांत बोल" हे जास्त लागू पडते. वर्गात "गोंगाट करू नका" म्हटल्यापेक्षा "धडा काढा" म्हटलं की मुलं गप्प होतात, तसंच.

६. पहिला प्रसंग तुम्ही मांडा. पात्राचे पहिले बोलणे आपणच लिहायचे असते. जागा, वेळ आणि हातातले काम, एवढे त्यात असावे. "नमस्कार, मी तुमची सासू" यात काही जीव नाही. "दुपारचे सव्वाबारा. अक्का ओट्याशी कोथिंबीर निवडते आहे," इथून गोष्ट चालू होते. पहिले बोलणे लांबलचक लिहाल, तर पुढची उत्तरेही तशीच लांबलचक येतील, हे ध्यानात असू द्या.

७. तुमची वाक्ये तुमचीच राहू द्या. यंत्र कधीकधी आपल्या वतीनंही बोलू लागतं: "सून रडू लागली", वगैरे. तेव्हा "तू फक्त अक्काचे बोल. मग थांब आणि माझी वाट पाहा" असे चिठ्ठीत लिहून ठेवावे. नमुन्यांतही सुनेचे मन लिहू नये.

८. चिठ्ठी आटोपशीर ठेवा. यंत्राला एका वेळी ठरावीकच मजकूर नजरेसमोर ठेवता येतो. गप्पा फार लांबल्या, की सुरुवातीचे हळूहळू निसटते आणि मग पात्र आपला स्वभाव विसरते. मधूनमधून "आतापर्यंत असे असे झाले" हे पाच ओळींत लिहून द्यावे, म्हणजे गाडी रुळावर येते.

आता माझी चिठ्ठी पाहा. तुम्हीही वहीत उतरवून घ्या आणि आपल्या गरजेप्रमाणे बदला.

*अक्का, वय ७०, तालुक्याच्या गावी मुलगा-सुनेपाशी राहते. सुनेला "अगं" म्हणते. दोन-तीन वाक्यांत बोलते. हातात सतत काहीतरी काम. दुखणं सांगत नाही, दुसऱ्या कशाला तरी बोल लावते. अवघड गोष्ट निघाली की आधी विषय बदलते.*

*सून: गुडघा दुखतोय का?*
*अक्का: गुडघ्याला काय झालंय! जिनाच उंच केलाय मेल्यांनी.*

*सून: नवी साडी नेसा ना आज.*
*अक्का: कुणाला दाखवायला? ... बघू, आण. इस्त्री केलीय का?*

*सून: तुम्ही जेवून घ्या, मला उशीर होईल.*
*अक्का: घेईन गं. भूक कुठं पळून चाललीय? (ताट पालथंच ठेवते.)*

*हवं काय: ...*
*भीती: ...*

या शेवटच्या दोन ओळींपाशी माझी पेन्सिल थांबली. खरंच सांगते, मला लिहिता येईना. अकरा वर्षं एका घरात राहून या बाईला कशाची भीती वाटते, ते मला ठाऊक नव्हतं! मी धरून चालले होते, की मुलांचं करावं लागेल म्हणून त्या कुरकुरतील. पण चिठ्ठीत "कामाची भीती" लिहिलं, तर ते खोटं वाटलं. कामाला त्या कधी भ्याल्यात?

मग दोन दिवस नुसतं पाहत राहिले. बाराला दहा कमी असले, की त्या गॅलरीत येतात. मी फाटकातून शिरले, की आत जातात. विचारलं, तर "ऊन किती तापलंय ते बघत होते" म्हणतात. आणि ताट? मी येईपर्यंत पालथंच. सासरे गेल्यापासून त्या दुपारी कधी एकट्या जेवलेल्या नाहीत. तिसरा नमुना मी त्यांच्याच तोंडचा लिहून ठेवला होता, पण त्यातलं पालथं ताट मला तोवर दिसलंच नव्हतं.

मी ओळ लिहिली: *भीती: दुपारी एकटीनं जेवण्याची. हे कधीच बोलणार नाही.*

त्यानंतरची अक्का वेगळीच बोलू लागली. खोचक, पण आतून हलणारी. मी तीनदा तालीम केली आणि प्रत्येक वेळी माझी तीच चूक दिसली. मी आपली व्यवस्था सांगत सुटायचे: स्वयंपाक करून ठेवीन, धाकट्याला रिक्षा लावीन, पोळीवाली बघीन. तुमच्याशिवाय दुपार मलाही सुनी जाईल, हे वाक्य एकदाही माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

मग एका दुपारी, यंत्र-बिंत्र बाजूला ठेवून, जेवताना बोलले. व्यवस्था सांगितली आणि ते वाक्यही सांगितलं. सासूबाईंनी ताकाचा घोट घेतला आणि विचारलं, "पगार किती वाढेल?" यंत्रातल्या अक्कानं हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता बरं का! मी आकडा सांगितला. बराच वेळ गप्प. मग ताट उचलता उचलता म्हणाल्या, "माझं झाकून ठेवून जाऊ नकोस. मी गरम करून घेईन. ... शनिवारी सकाळचीच शाळा असते ना?"

एवढंच. अजून मी होकार कळवलेला नाही, पण अर्ज लिहून ठेवला आहे.

सांभाळायच्या गोष्टी

एक जुनी हकिकत सांगते. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाचा गप्पा मारणारा प्रोग्रॅम लोकांपुढे आणला. हे नाव शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकातल्या नायिकेचं. त्याच नाटकावरून पु. ल. देशपांड्यांनी 'ती फुलराणी' लिहिलं, जे १९७५ मध्ये मराठी रंगभूमीवर आलं. तर ही एलायझा आपलंच बोलणं उलटवून प्रश्न विचारायची, बाकी काही नाही. वायझेनबाउमांच्या सेक्रेटरीबाईंनी तिची घडण महिनोन्‌महिने डोळ्यांनी पाहिलेली. तरी तिच्याशी थोडं बोलणं होताच त्या त्यांना म्हणाल्या, जरा खोलीबाहेर जाता का? जाणत्या बाईचं असं झालं, तर आपलं व्हायला किती वेळ? आणि आजची यंत्रं एलायझाहून कितीतरी पटीनं गोड बोलतात.

तेव्हा एवढं पाळा. खरं नाव, पत्ता, फोन, बँकेची माहिती चिठ्ठीत कधीही लिहू नये. माझी अक्का दुसऱ्या गावची आहे आणि तिचं नावही सासूबाईंचं नाही. हयात माणसाचं हुबेहूब सोंग त्याला न विचारता करू नये. गेलेल्या माणसाचं करण्याआधी तर घरच्या सगळ्यांना विचारावं. मन फार जड असेल, तर पात्राशी नव्हे, माणसाशी किंवा डॉक्टरांशी बोलावं. मुलांच्या हाती हे खेळणं एकटं सोपवू नये. 'कॅरॅक्टर एआय' या अशाच पात्रांच्या कंपनीनंही २०२५ च्या ऑक्टोबरात, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी मोकळ्या गप्पा बंद करत असल्याचं जाहीर केलं. आणि रंगीत तालीम झाली, की प्रयोग खऱ्या माणसापुढेच करायचा. तालमीतच समाधान मानून बसू नये.

यंत्र नसलं, तरी एक करून पाहा. घरातल्या एका माणसाचं नाव वहीत लिहा आणि खाली दोन ओळी: हवं काय, भीती कशाची. लिहिता आल्या तर उत्तम. नाही आल्या, तर दोन दिवस नुसतं पाहत राहा.

पुढच्या अंकी पितळी भांड्यांची निगा आणि कल्हई याविषयी. तोवर, काय जमलं नि काय फसलं, ते जरूर कळवा.