सिल्लेवाड्याचा दगड

बाबा सिल्लेवाड्याच्या कोळसा खाणीतून निवृत्त झाले तेव्हा फंडाच्या कागदांसोबत घरी एक दगडही आला. काळपट, तळहाताएवढा. त्यावर जिभेच्या आकाराचं पान उमटलेलं. मधली शीर अजून नखाला लागते. वर्षानुवर्षं तो विजेच्या बिलांवर ठेवलेला असायचा. असल्या पानांचे दगड याच सिल्लेवाड्यातून दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी स्टीफन हिस्लॉप नावाच्या स्कॉटिश मिशनऱ्याने गोळा केले होते, हे मला फार उशिरा कळलं. तोवर हिस्लॉप म्हणजे नागपूरचं कॉलेज, एवढंच.

परवा रविवारी खापरखेड्याहून कोराडीमार्गे नागपूरच्या सदरला गेलो. सोबत शाळेपासूनचा मित्र. ऑल सेंट्स कॅथीड्रल 1851 चं, आराखडा रिचर्ड सँकी या फौजी इंजिनिअरचा. मागच्या बाकावर बसलो आणि ते सालच डोक्यात घोळू लागलं. भोसल्यांचं राज्य खालसा झालं 1854 मध्ये. म्हणजे गादीवर राजा असतानाच साहेबांचं देऊळ बांधून तयार होतं. कामठीची छावणी तर 1821 पासूनचीच. हिस्लॉप 1845 मध्ये आला तोही फौजेतल्या एका कॅप्टनच्या देणगीवर. बंदुकीच्या सावलीतून आलेला बायबलवाला, असं म्हणून मोकळं होता आलं असतं.

पण या माणसाने गोंडांमध्ये बसून लिंगोची कथा उतरवून घेतली. ज्यांचे देव सोडवायला आला, त्यांच्याच देवांची! ते कागद त्याच्या पश्चात 1866 मध्ये रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने छापले. हिस्लॉप तोवर गेला होता. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना नाल्याच्या पुरात बुडाला. मिशनरी मेला तो जुन्या थडग्यांच्या नादात.

बाहेर आल्यावर मित्र म्हणाला, "बाबासाहेबायनं हे बी दार पाह्यलं होतं ना भाऊ. मंग?" मंग काय! ख्रिस्ती झाल्यावरही जात चर्चमध्ये शिरलीच, हे त्यांनी लिहून ठेवलंय. 1956 मध्ये ते गेले ते दीक्षाभूमीवर. मित्राचे आजोबाही त्या गर्दीत होते. त्याला हिस्लॉपच्या पानांचं कौतुक सांगताना माझी जीभ जरा अडखळलीच.

घरी आलो तर दगड टेबलावर नव्हता. आईने धुऊन लोणच्याच्या बरणीत दडपण म्हणून ठेवला होता, पानाची बाजू खाली.