गोटमारीएवढी तयारी तापाचीही करा

मा. जिल्हाधिकारी,
पांढुर्णा जिल्हा (म. प्र.)



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीला, म्हणजे दोन गावांच्या दगडफेकीच्या जत्रेला, जाम नदीवर प्रशासन कसं सज्ज असतं, ते आम्ही दरवर्षी पाहतो. पांढुर्णा आणि सावरगावकडून पहिला दगड सुटायच्या आत डॉक्टर हजर, अ‍ॅम्ब्युलन्स उभ्या, पोलीस तैनात. डोकी फुटणार हे ठाऊक असतं, म्हणून मलमपट्टी आधी येते. (गोटमार थांबत का नाही, यावर पुन्हा कधी भांडू.) फ्लूही असाच ठरल्या वेळी येतो. एकदा पावसाळ्यात, पोळा-गणपतीच्या गर्दीत. पुन्हा जानेवारी ते मार्चमध्ये. त्याची मलमपट्टी आधी का येत नाही?

२०२५चा पावसाळा विसरण्यासारखा नाही. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियात मुलांना साधा सर्दी-ताप होता. ‘कोल्ड्रिफ’ हे खोकल्याचं औषध पाजलं, लघवी बंद झाली, किडन्या गेल्या. तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं, मर्यादा ०.१ टक्क्याची. वीसहून अधिक लेकरं दगावली, त्यात आपल्या जिल्ह्यातलंही होतं. विष कारखान्याचं, यात वाद नाही. पण सर्दी झाली की शिशी हवीच, ही सवय आपली. ‘भाऊ, पोराले लय खोकला हाय, द्या एखादी शिशी,’ असं मेडिकलच्या काउंटरवर आजही ऐकू येतं, आणि भाऊ देतो. पोराचं वय किती, वजन किती, कोणी विचारत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊच नयेत आणि पाचच्या आत सहसा टाळावीत, असं केंद्राच्या आरोग्य संचालनालयाने बजावलंय. ते त्या काउंटरवर मराठीत मोठ्या अक्षरांत लागलं पाहिजे. सौसर-पांढुर्ण्याच्या आईला हिंदी कळतं, पण रात्री लेकराला ताप चढला की ती विचार मराठीतच करते.

दुसरं, ऑसेल्टामिव्हिर. फ्लूवरचं हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वाधिक उपयोग. गरोदर बाई, साखरेचा रुग्ण, दम्याचा म्हातारा यांना ते गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात मिळालं पाहिजे; नागपूर गाठेपर्यंत दोन दिवस सरलेले असतात. फ्लूची लस सरकारी मोफत लसीकरणात नाही. निदान दवाखान्यातल्या नर्स आणि आशाताईंना तरी द्या, तीही पोळ्याच्या महिनाभर आधी. लस अंगी लागायला दोन आठवडे जातात.

नागपूरचं आणखी एक. आमचा गंभीर रुग्ण छिंदवाड्यापेक्षा नागपूरलाच जास्त जातो. राज्य बदलतं. तिथे आमच्याकडचे तापाचे रुग्ण वाढले, तर इथे कळायला वेळ लागतो. परासियाची बरीच मुलंही नागपूरच्याच वॉर्डांत होती. हंगामात दर आठवड्याला तिथल्या मेडिकल कॉलेजला एक फोन करायची जबाबदारी एखाद्या अधिकाऱ्यावर नावानिशी टाका. खर्च शून्य.

कापूस वेचायला एका गाडीत दाटीवाटीने जाणाऱ्या बायांना ‘ताप असेल तर घरी राहा’ सांगणं सोपं आहे, पण त्यांची रोजी बुडते. म्हणून त्यांना एवढंच नीट सांगा: धाप लागली, ओठ निळे पडले, मूल दूध पिईना, उतरलेला ताप पुन्हा चढला, तर वाट पाहू नका.

हे सगळं एका पानात मावतं. ते पान मराठीत छापून पोळ्याआधी प्रत्येक आशाताईच्या हाती द्या, ही विनंती.

आपला,
पांढुर्ण्याचा एक रहिवासी