गाडीआधी कागद

मैत्रिणींनो, रोह्यात आमच्याकडे जुनी गाडी घ्यायचं घाटत होतं. गाडी चकचकीत, किंमत बेताची. ह्यांनी बयाण्याचे पैसेही काढून ठेवले. त्यात माझ्या अर्धवेळ शाळेच्या पगारातली शिल्लक! मी म्हटलं, "आधी आर. सी. बुक बघू." पाहते तो काय, त्यावर बँकेचं नाव!

"चारच हप्ते राहिलेत वहिनी, भरून टाकतो," मालक म्हणाले.

पण बरं का, हप्ते थकले तर बँक गाडीच ओढून नेऊ शकते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५१ व्या कलमाप्रमाणे बँकेच्या लेखी संमतीवाचून ती आपल्या नावावर चढत नाही.

मग आम्ही काय केलं? बँकेकडून बाकीचा आकडा लेखी घेतला, तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरली आणि किमतीतून वजा केली. बँकेचा ना हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा ३५ नंबरचा फॉर्म घेऊन पेणचं आर. टी. ओ. गाठलं. बोजा उतरला, २९ व ३० नंबरच्या फॉर्मवर गाडी नावावर झाली, तेव्हाच उरलेले पैसे दिले.

मालक थोडे रुसले. रुसू देत! भाजी घेताना आपण देठ मोडून बघतोच ना?