घर बदलले, पत्ता बदलला का?

दुकान एका पेठेतून दुसऱ्या पेठेत न्यायचे ठरले की शहाण्या पेढीत माल हलण्याआधी पत्रे निघत. अडत्याला, सावकाराला, गावोगावच्या गिऱ्हाइकांना नवा पत्ता कळविला जाई. वह्या मात्र सामानाच्या गाडीत जात नसत. त्या घरातील कर्ता माणूस स्वतःजवळ ठेवी. मुदतीच्या हुंडीचे पत्र बंद दारावरून परत गेले, तर माल कितीही असो, पेढीची पत जाते, हे मुनीम जाणत असे.

हाच धडा अमेरिकेतील माजी सैनिकांच्या घरांत आजही गिरवावा लागतो. समाजातील अनेक कुटुंबांची मुले-नातवंडे तेथे स्थायिक झाली आहेत. ग्रीन कार्डधारकासही तेथील सैन्यात भरती होता येते. त्यामुळे हा विषय अगदीच परका राहिलेला नाही.

सेवेत असताना झालेल्या दुखापतीबद्दल किंवा जडलेल्या व्याधीबद्दल अमेरिकी शासन माजी सैनिकास दरमहा अपंगत्व भरपाई देते. ती करमुक्त असते. हे काम माजी सैनिक व्यवहार विभागाकडे आहे. तेथे सर्वजण त्यास ‘व्हीए’ म्हणतात. दाव्यात साधारणपणे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: आज व्याधी आहे, सेवाकाळात तिला कारण घडले, आणि या दोहोंचा संबंध आहे. मग 0 ते 100 अशी, दहा-दहाच्या पायऱ्यांनी, टक्केवारी ठरते. तिचे गणित मात्र दुकानातील बेरजेसारखे नाही. एका व्याधीचे 50 आणि दुसरीचे 30 टक्के ठरले तर एकूण 80 होत नाहीत. आधी 50 धरायचे, उरलेल्या 50 चे 30 टक्के म्हणजे 15 त्यात मिळवायचे. 65 होतात आणि ते 70 धरले जातात.

अशा एका घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. घरधनी सैन्यातून निवृत्त झालेला, पाठीचे दुखणे कायमचे, कानात सतत गुणगुण. दावा दाखल होऊन काही महिने लोटले आहेत. इतक्यात भाडे वाढते, किंवा पत्नीला दुसऱ्या राज्यात नोकरी मिळते, आणि घर बदलणे भाग पडते. पाठीमुळे त्याला खोकी उचलता येत नाहीत. ती पत्नी आणि मुले उचलतात. रात्री दोघांच्या मनात एकच शंका असते: राज्य बदलले तर दावा पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल काय?

तसे होत नाही. कागदपत्रे आता संगणकावर असतात आणि काम देशभरच्या कार्यालयांत वाटले जाते. राज्य बदलल्याने दाव्याची रांग मोडत नाही, नवा अर्जही करावा लागत नाही. खरा धोका वेगळाच आहे. दावा जागचा हलत नाही; पत्र मात्र जुन्या पत्त्यावर जाते.

टपाल कार्यालयात पत्ता बदलून दिला म्हणजे व्हीएला तो कळला, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. व्हीएला नवा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक स्वतंत्रपणे कळवावा लागतो. दाव्यासाठी होणारी वैद्यकीय तपासणी तर बहुधा व्हीएने नेमलेल्या खाजगी कंपन्यांमार्फत होते. त्यांचा फोन अनोळखी क्रमांकावरून येतो, आणि सामानाच्या गडबडीत तो कोणी उचलत नाही. तपासणीचे पत्र आधीच निघाले असेल, तर व्हीएबरोबर त्या कंपनीलाही कळवून नव्या गावाजवळची वेळ मागून घ्यावी लागते.

सबळ कारणाशिवाय तपासणी चुकली, तर पहिला दावा हाती असलेल्या कागदांवरच निकाली निघतो. टक्केवारी वाढवून मागितली असेल, तर ती मागणी नामंजूरही होऊ शकते. नोंदीतील शेवटच्या पत्त्यावर पाठविलेले पत्र पोहोचले, असेच कायदा सामान्यतः गृहीत धरतो. ‘पत्र मिळाले नाही’ हे सांगणे सोपे. ते सिद्ध करणे कठीण. वर्षानुवर्षे वेदना सोसलेल्या माणसाचा हक्क एका न उघडलेल्या पाकिटामुळे मागे पडावा, यासारखे दुःख नाही.

म्हणून घर आवरताना पहिली पिशवी कागदांची. सेवामुक्तीचा दाखला, वैद्यकीय नोंदी, व्हीएची सर्व पत्रे, अर्जाच्या प्रती; हे सारे ट्रकमध्ये न टाकता हाती ठेवावे. उपचार व्हीएच्या रुग्णालयात चालू असतील, तर नव्या गावच्या रुग्णालयास वेळेत कळवावे आणि औषधांचा पुरेसा साठा बरोबर घ्यावा. औषधात खंड पडला की प्रकृती बिघडते. उपचारात खंड पडला की व्याधीच्या नोंदीतही खंड पडतो.

नवे घर विकत घ्यायचे असेल, तर आणखी एक हिशोब आहे, आणि तो व्यापारी कुटुंबास चटकन उमगेल. 1944 च्या कायद्यापासून अमेरिकेत माजी सैनिकांच्या गृहकर्जास शासन हमी देते. त्या कर्जावर ‘फंडिंग फी’ नावाचे एकरकमी शुल्क असते. पहिल्यांदाच असे कर्ज घेणाऱ्यास, सुरुवातीला काही रक्कम न भरल्यास, 2023 पासून ते 2.15 टक्के आहे. 3,00,000 डॉलरच्या कर्जावर हे शुल्क 6,450 डॉलर होते. अपंगत्व भरपाई मिळणाऱ्यास ते माफ असते. दावा प्रलंबित असणाऱ्यास मात्र सहसा भरावे लागते.

पण गोष्ट तेथे संपत नाही. पुढे दावा मंजूर झाला आणि भरपाईचा हक्क कर्जव्यवहार पूर्ण होण्याच्या आधीच्या तारखेपासून लागू झाला, तर भरलेले शुल्क परत मागता येते. ते कर्ज देणाऱ्या संस्थेमार्फत किंवा व्हीएच्या विभागीय कर्ज केंद्राकडे मागावे लागते. निकालाच्या आनंदात अनेकांना हे आठवत नाही. म्हणून कर्जाचे अंतिम कागद आणि दाव्याच्या तारखांची नोंद एकाच पाकिटात ठेवावी. हक्काची तारीख सर्वसाधारणपणे दावा पोहोचल्याच्या दिवसाशी बांधलेली असते. दावा पूर्ण तयार नसेल, तरी तो करण्याचा इरादा कळविल्यास ती तारीख एक वर्षापर्यंत राखून ठेवता येते. तारखेचे मोल व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

निकालाआधी घर निवडताना कोणत्या उत्पन्नाचा आधार घ्यावा, हा प्रश्न त्याहून नाजूक आहे. टक्केवारी अमुक येईल, मागील महिन्यांची रक्कम एकदम हाती पडेल, असे धरून मोठे घर घेण्याचा मोह होतो. टेक्साससारख्या राज्यात 100 टक्के अपंगत्व ठरलेल्या माजी सैनिकास राहत्या घराचा मालमत्ताकर पूर्ण माफ आहे. तेही मनात येते. परंतु न आलेली उधारी जमेस धरून माल भरणारी पेढी जशी अडचणीत येते, तसेच हे घरही. आजच्या मिळकतीत ज्याचे भाडे किंवा हप्ता बसतो, तेच घर आजचे. निकाल चांगला लागला, तर ती बरकत समजावी.

ज्यांची परिस्थिती खरोखरच बिकट आहे, घर सोडण्याची नोटीस हाती आहे, त्यांना दावा प्राधान्याने घेण्याची विनंती करता येते. बेघर अवस्था, तीव्र आर्थिक ओढाताण, असाध्य आजार, 85 वर्षे किंवा त्याहून अधिक वय ही त्याची मान्य कारणे आहेत. नोटीस, थकबाकीची पत्रे असे पुरावे जोडावे लागतात. ही विनंती करण्यात लाज वाटण्याचे कारण नाही. माजी सैनिकांच्या जुन्या संस्थांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी दाव्यासाठी विनामूल्य साहाय्य करतात. पहिला दावा तयार करून देण्यासाठी पैसे घेणे तेथील कायद्यास मान्य नाही. असे पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे.

अखेरीस निकालाचे पत्र येते. ते मनासारखे नसले तरी दार बंद होत नाही. 2019 पासून लागू असलेल्या व्यवस्थेत तीन वाटा आहेत: नवा पुरावा देऊन पूरक दावा, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, किंवा अपील मंडळ. पत्राच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत पाऊल उचलले, तर मूळ तारीख बहुधा टिकविता येते. वर्ष उलटले, की नव्या दाव्याला नवी तारीख. तेवढे वर्ष पत्र जुन्या घरी पडून राहिले, तर हानी किती मोठी!

त्या घरात पुन्हा डोकवावे. खोकी अर्धी उघडलेली आहेत, भांडी अजून सापडत नाहीत, मुले जमिनीवर झोपली आहेत. निकाल आलेला नाही. पण दाराशेजारच्या पेटीवर नाव लागले आहे, व्हीएच्या नोंदीत नवा पत्ता चढला आहे, आणि कागदांची पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. निकाल कधी यावा हे त्या कुटुंबाच्या हाती नाही. तो आला तेव्हा आपण सापडावे, एवढे मात्र पूर्णपणे त्याच्या हाती आहे.