गहाण पडलेली टीसी

वर्धा जिल्ह्यात पेरणी आणि कॉलेजचे प्रवेश एकाच हंगामात येतात. घरातला पैसा बियाण्यात, खतात गेलेला असतो आणि नेमकी तेव्हाच हिंगणघाट, आर्वी, पुलगावकडची मुले फीच्या खिडकीसमोर उभी असतात. कापूस विकला जाणार दिवाळीच्या पुढेमागे. मधल्या काळात हप्ता थकतो, पुढच्या वर्षी त्यात भर पडते आणि शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की बाबू शांतपणे सांगतो, ‘आधी बाकी भरा, मग टीसी न्या.’

बाकी खोटी नसते, हे आधीच मान्य करतो. विनाअनुदानित कॉलेजला पगार फीमधूनच भागवावे लागतात. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने अशा तंत्रशिक्षणाला दार उघडले, तेव्हाच हा भार पालकांच्या अंगावर येणार हे ठरले होते. माझा आक्षेप वसुलीला नाही, तिच्या हत्याराला आहे. गुणपत्रिका नागपूर विद्यापीठाची. परीक्षा त्याची, सहीही त्याची. कॉलेजने ती फक्त मुलाच्या हाती द्यायची. पोस्टमनने आपल्या उधारीपोटी कुणाचे पत्र अडवून ठेवावे, तसा हा प्रकार. टीसीवाचून पुढचा प्रवेश अडतो, मूळ गुणपत्रिकेवाचून नोकरी. ज्या कागदाच्या जोरावर मुलगा बाकी फेडणार, तोच कपाटात बंद!

वास्तविक हे शहाणपण आपल्या कायद्याला इंग्रजांच्या काळापासून आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम पाहा. कर्ज कितीही असो, शेतकऱ्याला पोटापाण्यासाठी लागणारी अवजारे, बैल आणि बियाणे जप्त करता येत नाहीत. बापाचा बैल सुटतो आणि मुलाची गुणपत्रिका अडकते, हे कोणते न्यायशास्त्र?

शिवाय खरा देणेकरी पुष्कळदा वेगळाच असतो. मागासवर्गीय विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती, शुल्क प्रतिपूर्ती ही देणी सरकारची. ती रखडली की कॉलेज मुलाचा गळा धरते, कारण मंत्रालयाची टीसी त्याच्या कपाटात नसते. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा साठ टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. तो कधी घरच्या दुखण्याखुपण्यात खर्च होतो, हेही खरे. पण म्हणून जन्माची अडवणूक?

नियम आहेत, पण अर्धवट. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये प्रवेशाच्या वेळी घेतलेली मूळ कागदपत्रे ठेवून घेण्यास मनाई केली. २०२३ च्या तक्रार निवारण नियमांत विद्यापीठांसाठी लोकपालाची तरतूद आहे. मात्र त्यातला कागद अडवण्याचा मुद्दा आहे तो शिकायचा नसलेल्या अभ्यासक्रमाच्या फीसाठी. ज्याने पूर्ण शिकून बाकी ठेवली, तो फटीतच राहिला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२० पासून ही फट बुजवली. थकबाकीसाठी गुणपत्रक रोखण्यास तिथे कायद्याने बंदी आहे.

आपल्याकडे विद्यापीठाला मनात आणले तर गुणपत्रिका थेट विद्यार्थ्याला देता येईल, डिजिलॉकरची सोय आहेच. टीसीसाठी शासनाने स्पष्ट आदेश काढावा. कॉलेजने बाकीची लेखी कबुली घ्यावी, कापसाचा पैसा हाती येतो त्या महिन्यांत हप्ते बांधून द्यावेत आणि तरीही कुणी बुडवलेच तर इतर सावकारांसारखे दिवाणी न्यायालयात जावे. तोवर अडलेल्या मुलांनी तोंडी विनवण्या करू नयेत. प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि एक प्रत विद्यापीठाकडे पाठवावी.