खेळून उठल्यावर कसं वाटतं?

गेल्या महिन्यात एका दुपारी शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या आणि मी रंगेहाथ सापडले. त्या वेळी माझ्या हातात एरवी निवडायची मेथी असते, नाही तर उसवलेला परकर. त्या दिवशी होतं लेकीचं व्हिडिओ गेमचं यंत्र. "अगंबाई, तुम्हीसुद्धा?" वहिनी म्हणाल्या. मी ते घाईघाईनं उशीखाली सारलं, विरजण दिलं आणि उगाचच म्हटलं, "लेकीचं आहे हो, पुसून ठेवत होते."

त्या गेल्या आणि मला माझाच राग आला. मी खोटं का बोलले? आमचे हे रोज संध्याकाळी क्लबात दोन तास ब्रिज खेळतात. पत्ते कधी उशीखाली सारताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

मैत्रिणींनो, लग्नाआधी आपण सगळ्याच खेळत होतो की! सागरगोटे, काचापाणी, लगोरी, भर उन्हातली लंगडी. लग्न झालं आणि खेळ उरला तो मंगळागौरीच्या रात्रीपुरता. तोही पाच वर्षांत संपला. पुढे हातात जे आलं ते सगळं 'काम' होतं. म्हणून दिवाळीला आलेली लेक तिचं निन्टेंडो स्विच इथेच ठेवून म्हणाली, "आई, तुझी दुपार रिकामी असते, खेळून बघ," तेव्हा 'रिकामी' हा शब्द मला जरा झोंबलाच. पण खेळून पाहिलं. गेल्या सहा महिन्यांत बरेच खेळ झाले. नव्या मसाल्याचा जसा आधी चिमूटभर वापरून अंदाज घेतो, तसा घेतला. तो अंदाज आज तुम्हाला सांगते.

पहिला टेट्रिस. हा जुना. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी तो तयार केला. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडत राहतात. ते फिरवून असे बसवायचे की आडवी ओळ भरली पाहिजे. भरली की ती नाहीशी होते. आपल्याला हा खेळ शिकवावा लागत नाही. लग्नघरचं फ्रिज भरलेल्या बाईला चौकोनी डबा कुठे आणि आडवी बाटली कुठे हे उपजतच कळतं. पण आठवड्याभरात मला त्याची दुसरी बाजू दिसली. नीट बसवलेली ओळ क्षणात दिसेनाशी होते आणि चुकून राहिलेलं भोक मात्र शेवटपर्यंत डोळ्यांसमोर. अगदी घरासारखंच! घासलेली पातेली कुणाला दिसत नाहीत, सिंकमधली एक वाटी सगळ्यांना दिसते. शिवाय हा खेळ कधी जिंकताच येत नाही, नुसता वेग वाढत जातो. १९८९ सालच्या आवृत्तीत पार टोकाला जाऊन यंत्रच अडकवून दाखवलं ते २०२३ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलानं. माझं मत असं की पंधरा मिनिटं छान. त्यापुढे नको, घाई आपल्याकडे एरवी पुष्कळ आहे.

दुसरा लुडो किंग. हा फोनवरचा, आणि आपल्या नवी मुंबईत तयार झालेला. २०१६ साली आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पोचला. आमच्याकडे तो माझा नाही, सासूबाईंचा. नागपूरच्या त्यांच्या बहिणीशी त्या रोज चारला खेळतात. दोघींचं मिळून वय एकशे साठच्या पुढे, आणि भांडण असं की दोन पोरी अंगणात भांडताहेत! "माझी सोंगटी मारलीस ना, आता बघ!" गुडघ्यांमुळे नागपूरची गाडी सुटली, पण बहीण सुटली नाही. ह्या खेळाबद्दल मी वाईट ऐकून घेणार नाही.

तिसऱ्याचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. रंगीत गोळ्यांतल्या सारख्या तीन गोळ्या एका ओळीत आणायच्या, असा फोनवरचा खेळ. असे पुष्कळ आहेत. पाच वेळा हरलात की थांबायचं, नाही तर पैसे भरून लगेच पुढे जायचं. मला वाटलं, चाळीस-पन्नास रुपयांनी काय होतं? महिनाअखेरीस हिशेबाची वही मांडली तेव्हा साडेसातशेचा मेळ बसेना. दूध नाही, इस्त्रीवाला नाही, भिशी नाही. ते पैसे मी गोळ्यांत घातले होते. ह्यांना सांगताना मान वर होत नव्हती. ते काही बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. पैशांपेक्षाही वाईट एक गोष्ट होती. तासभर खेळून उठलं की डोळे जड, मन चिडलेलं, आणि आपण काय केलं ते आठवत नसे. तो खेळ मी काढून टाकला.

चौथा राजी. ह्याचा मला अभिमान, कारण तो २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळींनी केला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोर. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, असुर पळवून नेतात आणि ती दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याला शोधायला निघते. महाल, जाळीच्या खिडक्या, भिंतींवरची चित्रं पाहत राहावीत अशी. पण उड्या आणि मारामारी माझ्या अंगठ्यांना झेपेना. एका उडीला मी अठरा वेळा पडले. लेक फोनवर हसत म्हणाली, "आई, सोपं करून देऊ का?" मी म्हटलं, "नको, मी नुसती भिंती बघते." पाहुण्याकडे जेवण जमलं नाही तरी घर आवडावं, तसं झालं.

पाचवा वेन्बा, २०२३ सालचा, कॅनडातल्या टोरांटोत केलेला. तमिळनाडूतून कॅनडात गेलेल्या एका बाईची ही गोष्ट. तिच्याजवळ आईची पाककृतींची वही आहे, पण पानं फाटलेली, अक्षरं पुसलेली. इडली असो की पुट्टू, मधली पायरी आपण ओळखायची. मी तोऱ्यात बसले. तीस वर्षं इडल्या करतेय! आणि पहिल्याच खेपेला चुकले, कारण पद्धत तिच्या आईची होती, माझी नव्हती. स्वयंपाक फारच नीटनेटका दाखवलाय, ओट्यावर एक शिंतोडा नाही, ही माझी तक्रार. पण तिचा मुलगा कविन बाहेर 'केविन' होतो आणि घरातल्या भाषेपासून हळूहळू दूर जातो, तिथे मी यंत्र बाजूला ठेवलं आणि पाणी प्यायले. त्याच संध्याकाळी सासूबाईंना समोर बसवून त्यांच्या गोडा मसाल्याचं प्रमाण वहीत उतरवलं. 'अंदाजानं' म्हणू दिलं नाही. चमचा हातात देऊन मोजायला लावलं.

आणि शेवटचा अनपॅकिंग. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी केलेला, २०२१ सालचा. ह्यात शत्रू नाही, घड्याळ नाही, गुण नाहीत. एक मुलगी १९९७ ते २०१८ ह्या काळात आठ वेळा घर बदलते. आपण फक्त तिची खोकी उघडून सामान लावायचं. ती मुलगी कधी दिसत नाही, बोलत नाही. वस्तूंवरूनच तिचं आयुष्य कळतं. बदल्यांच्या नोकरीत संसार केलेल्या बायकांना हा खेळ आतून ठाऊक आहे.

२०१० सालात ती मित्राच्या घरी राहायला जाते. घरभर त्याच्याच वस्तू. तिचं सामान मी कसंबसं सरकवून बसवलं. शेवटी तिचं पदवीचं प्रमाणपत्र उरलं. ह्या भिंतीवर लावून पाहिलं, त्या भिंतीवर पाहिलं, कुठे म्हणून बसेना. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, पलंगाखाली ठेव. तिथेच बसतं ते."

मी ठेवलं आणि बसून राहिले. माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र माळ्यावर आहे, पितळी घागरीमागे, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. मला ते कुणी तिथे ठेवायला सांगितलं नव्हतं. ह्यांनी नाही, सासूबाईंनी तर नाहीच. पाच बदल्यांत दर वेळी भिंत भरली आणि दर वेळी मीच म्हटलं, "राहू दे माळ्यावर." खेळातली ती मुलगी पुढे वेगळी होते आणि तिचं प्रमाणपत्र भिंतीवर येतं. मला वेगळं व्हायचं नव्हतं. मला एक खिळा हवा होता. रविवारी ह्यांना म्हटलं, तर ते स्टूल घेऊन आले आणि खिळा ठोकताना म्हणाले, "इतकी वर्षं कुठे होतं हे?" मी म्हटलं, "घरातच."

आता खेळ निवडताना तीन गोष्टी पाहा. एक, मध्येच उठता येतं का? कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि खेळ सोडवत नसेल, तर तो आपला नाही. दोन, खेळताखेळता पैसे मागतो का? फोनमध्ये खरेदीला पासवर्ड लावा. मुलं आपलाच फोन घेतात, तेव्हा तर हवाच. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेनं २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला आहे. तसलं आमंत्रण कुणीही पाठवलं तरी उघडू नका. तीन, आणि मला हीच सगळ्यांत मोठी वाटते, उठल्यावर कसं वाटतं? ताजं वाटलं तर खेळ चांगला. चिडचिड झाली तर किती का रंगीत असेना, सोडून द्या. आणि वेळ तासभरच, पण तो उघड्यावर. उशीखाली नाही.

परवा वहिनी वाटी परत करायला आल्या. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "हे कुणाचं हो?" म्हटलं, "माझं." अकरा वर्षांचा आमचा शेजार, रोजची देवाणघेवाण. त्यांना हे ठाऊक नव्हतं. मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "मी माँटेसरीचा कोर्स केला होता. कागद कुठे असेल कोण जाणे."

मी चहा टाकला आणि यंत्र त्यांच्या हातात दिलं.