मृत्यूनंतरची विषमता

फ्रान्समधील नव्ह शापेल येथे १९१५ च्या मार्चमध्ये घनघोर लढाई झाली. तेथे १९२७ साली उभारलेल्या भारतीय स्मारकाच्या भिंतीवर ४,७०० हून अधिक नावे कोरलेली आहेत. तेथे गेलेला भारतीय माणूस ती वाचू लागतो आणि एखादे ओळखीचे नाव दिसताच त्याचा कंठ दाटून येतो. प्रत्येक नावामागे एक घर होते, हे त्याला त्या क्षणी उमगते.

इराकमधील बसऱ्याच्या स्मारकापुढे मात्र या भावनेला आधारच उरत नाही. मेसोपोटेमियात पडलेल्या ४०,००० हून अधिक सैनिकांचे हे स्मारक. त्यावर गोऱ्या सैनिकांची नावे कोरली गेली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीवार केवळ संख्या. १९१५-१६ साली कूटच्या वेढ्यात सापडलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या. या मोहिमेत मेलेले कोकण-देशावरचे कित्येक शिपाई अशा आकड्यांतच विरून गेले.

मृत्यूनंतर हुद्दा वा वंश यांचा भेद नाही, हे तत्त्व १९१७ साली स्थापन झालेल्या युद्धसमाधी आयोगाने अंगीकारले होते. परंतु पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांचे, मुख्यतः आफ्रिका व मध्यपूर्वेतील, स्मरण नावाने किंवा मुळीच केले गेले नाही, आणि ही संख्या ३,५०,००० पर्यंतही असू शकेल, असे २०२१ साली आयोगाच्याच विशेष समितीने मान्य केले. आयोगाने क्षमाही मागितली.

शंभर वर्षांनी हा हिशेब कशाला, असे कोणी विचारील. परंतु आकड्यापुढे कोणाचे डोळे पाणावत नाहीत. साम्राज्यशाहीने ज्यांना जिवंतपणी केवळ मनुष्यबळ म्हणून मोजले, त्यांना मेल्यावरही माणूसपण नाकारले गेले. शोकाच्या अधिकारातही वर्ग आणि वर्ण असतो, तो असा.

महाराष्ट्रातील अनेक गावांत त्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आढळते: या गावातून इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतके कामी आले. तेथेही आकडाच! फ्रान्सची यात्रा थोड्यांनाच परवडेल. परंतु गावातील वृद्धांना विचारून, घराघरांतील जुने कागद पाहून त्या आकड्यामागची नावे शोधणे आणि ती पाटीशेजारी लिहिणे कोणत्याही कार्यकर्त्यास शक्य आहे. राहून गेलेले श्राद्ध ते हेच.